खरखर थांबल्यावर

मावशीच्या हातांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी तिला डॉक्टरकडे पाठवलं. त्याच्या तीन महिने आधी मी कामाच्या जागी एक सही केली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

मी विजेच्या घरगुती वस्तू तपासणाऱ्या खात्यात नोकरी करते. पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि वर्षभराच्या प्रोबेशनवर इथे लागले. आमच्याकडे तपासणीच्या दोन खोल्या आहेत. डावीकडची सुरक्षेची: वस्तूला हात लावला तर झटका बसेल का, ती जास्त तापेल का, पेट घेईल का, हे तिथे बघतात. उजवीकडची व्यत्ययाची: वस्तू चालू केली की शेजारच्या घरातला रेडिओ खरखरायला लागतो का, कुणाच्या कानातलं ऐकण्याचं यंत्र बिघडतं का, हे आम्ही मोजतो. माझ्या खोलीच्या भिंतींना आतून तांब्याची जाळी आहे. दार लावलं की बाहेरची एकही लहर आत येत नाही, फोनसुद्धा लागत नाही. डावीकडचे आम्हाला 'खरखरवाले' म्हणतात. आम्ही त्यांना 'झटकेवाले' म्हणतो. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक भिंत आणि चहाचं मशीन आहे.

ते प्रकरण एका साध्या तक्रारीने सुरू झालं. एका गल्लीतल्या चार-पाच घरांत रोज दुपारी रेडिओ ऐकू येईनासा व्हायचा. मी हातात अँटेना धरून गल्लीत चालत गेले. पहिल्या दारापाशी बारीक सळसळ, दुसऱ्यापाशी खरखर, तिसऱ्यापाशी कानातला हेडफोन काढून टाकावा लागला. आत एक बाई नवीन शिलाई मशीन चालवत होती. धातूचं, जडसं, छान हिरव्या रंगाचं मशीन. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या ब्रशपाशी ठिणग्या पडत होत्या आणि प्रत्येक ठिणगी गल्लीभर ओरडत होती.

आम्ही दुकानातून तसंच एक मशीन आणलं. झटकेवाल्यांनी ते पास केलं, मी नापास केलं. मग ते बनवणाऱ्याला बोलावलं. त्याचा लहानसा कारखाना होता. माणूस गोल चेहऱ्याचा, बोलका.

"मॅडम, मशीन शिवतंय की नाही ते बघा. गातंय कशाला बघता?"

"गाणं सगळ्या गल्लीला ऐकू जातंय."

"मग तिकीट लावू या का?" तो हसला, मीही हसले. नोटीस हातात पडल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. "आता मी काय करू ते तरी सांगा. माझ्याकडे तुमच्यासारखे शिकलेले लोक नाहीत."

आमच्या विभागप्रमुखांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "आपण नापास करतो, शिकवत नाही." कुणी काहीही सांगितलं की ते आधी "पुरावा?" असं विचारतात, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'पुरावासाहेब' म्हणतात. आपणच उपाय सांगायचा आणि आपणच तो तपासायचा, हे बरं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते वाक्य तेव्हा कंजूषपणाचं वाटायचं. समोरच्याला येत नाही, आपल्याला येतं, मग सांगायला काय हरकत?

मी त्याच्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढून दिली. शेंगदाण्याएवढे दोन कपॅसिटर, विजेच्या प्रत्येक वायरपासून मशीनच्या धातूपर्यंत एकेक. ठिणग्यांची खरखर त्यांच्यातून परत फिरते, बाहेर पडत नाही. 'दोन' या शब्दाखाली मी रेघ मारली आणि कोणत्या प्रकारचे हवेत तेही लिहिलं, कारण या जागी एकच प्रकार चालतो: आतून इतका सांभाळून बनवलेला की बिघडला तरी वीज पलीकडे सोडत नाही. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "देवमाणूस आहात," म्हणाला.

दोन आठवड्यांनी सुधारलेला नमुना आला. सोबत एक ओळ: 'खरखर शोषणारा भाग बसवला आहे.' आमच्याकडे रीत अशी की ज्या कलमात वस्तू नापास झाली, तेवढंच कलम पुन्हा तपासायचं. सुरक्षेचा शिक्का आधीच मिळालेला होता, त्यामुळे नमुना डावीकडच्या खोलीत गेलाच नाही. मी तो लाकडी टेबलावर ठेवला, दार लावलं आणि पडद्यावर बघत राहिले. आधी जिथे डोंगर होते तिथे सपाट मैदान. इतका सुंदर आलेख मी तोवर पाहिला नव्हता. मी त्याची एक जादा प्रत काढून माझ्या खणात ठेवली. खालचं झाकण उघडून बघावं असं काही वाटलं नाही. मोजमाप समोर होतं.

मी मावशीकडे राहते. शिकायला आले तेव्हापासूनच. मावशी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते. खिडकीशी टेबल, खाली गार फरशी, आणि बारा महिने अनवाणी पाय. माझ्या सहीला दोन महिने होत आले तेव्हा तिचं जुनं मशीन अखेरच्या घटका मोजत होतं.

"हिरवं ते घेऊ का गं? दुकानदार म्हणतो सरकारमान्य आहे."

"सरकार म्हणजे मीच," मी म्हणाले. "सही माझी आहे."

"मग डोळे झाकूनच घेते. तशीही तू चहात साखर घालायची विसरतेस, पण कामात चोख आहेस म्हणे."

महिनाभराने मुंग्या सुरू झाल्या.

"मनगटापासून बोटांपर्यंत," मावशी म्हणाली. "आणि कधी येतात, कधी येत नाहीत. सोमवारी होत्या, मंगळवारी नाहीत. बुधवार-गुरुवार पुन्हा. वय झालं, दुसरं काय?"

कधी येतात, कधी नाही, हे ऐकून मला चेव चढला. मी वहीत तक्ता केला. तारीख, किती तास शिवलं, जाड कापड की पातळ, हवा दमट की कोरडी, झोप किती झाली. तीन आठवड्यांच्या नोंदी, आणि कशाचा कशाशी मेळ नाही. मशीन असा रकाना मी केलाच नाही. ते पास झालेलं होतं. डॉक्टरांनी शीर दबली असेल म्हणून मनगटाला पट्टा दिला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तसलं चाललं होतं, आणि पखाल मी धरून उभी होते.

मग एका सकाळी कचेरीतल्या फोनवर एक अनोळखी बाई आली. तिला कुणीतरी चुकून आमच्या टेबलाकडे जोडून दिलं होतं.

"तुमचं ते हिरवं शिलाई मशीन, ताई. अंगाला मुंग्या येतात त्याला हात लावला की."

माझ्या हातातलं पेन थांबलं. "रोज येतात?"

"नाही हो. तीच तर गंमत. माझा भाऊ म्हणाला, प्लग उलटा लावून बघ. उलटा लावला की जातात."

दोन पिनांचा प्लग भिंतीत दोन्ही बाजूंनी बसतो, आणि भिंतीतल्या दोन भोकांपैकी वीज येते ती एकातूनच. मावशी रोज संध्याकाळी प्लग काढून ठेवते आणि सकाळी हाताला येईल तसा खुपसते. माझ्या तक्त्यात नसलेला रकाना तो होता.

मी भांडारातून सुधारलेला नमुना काढला आणि पहिल्यांदाच खालचे चार स्क्रू सोडवले. आत एकच कपॅसिटर होता. एका वायरपासून सरळ मशीनच्या अंगापर्यंत डाग दिलेला, आणि साधा, खेळण्यातल्या रेडिओत घालतात तसला. दिसायला अगदी शेंगदाणा. तो धडधाकट असेपर्यंत विजेची बारीक धार सोडतो, तेवढीच मुंग्यांइतकी. पण हा प्रकार बिघडला की आतून चिकटतो आणि साधी वायर होऊन जातो. मग मशीनच्या प्रत्येक इंचावर भिंतीतली सगळी वीज. शिवणाऱ्या बाईचे दोन्ही हात त्याच्यावर, आणि पाय फरशीवर.

मी मावशीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मशीन चालू असलं की तिला फोन ऐकू येत नाही. म्हणजे मशीन चालू होतं. मी बाहेर पडले. घर वीस मिनिटांवर आहे. त्या दिवशी सगळे सिग्नल मला आठवतात, कुठला किती वेळ लाल होता तेसुद्धा.

दारातूनच मोटरचा आवाज आला. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. मावशी पाठमोरी बसलेली, डावा हात मशीनच्या मानेवर.

"हात काढ!"

"अगं, काय ओरडतेस! एवढी कड होऊ दे—"

मी तिच्या अंगावरून हात घालून भिंतीचं बटण बंद केलं आणि प्लग ओढून काढला. मी तिला लांब कोरड्या चटईवर उभं केलं, पिशवीतून मीटर काढला, प्लग पुन्हा लावला आणि मशीनचं अंग मोजलं. मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट वीज झिरपत होती. प्लग उलटा केला: जवळजवळ शून्य. पुन्हा सरळ केला: तिप्पट. दोनदा करून बघायची खरं तर गरज नव्हती.

"म्हणजे माझ्या हाताचं दुखणं याचं?"

"हो."

"आणि पुढे काय झालं असतं?"

मी सांगितलं. तिच्यापासून कधी काही लपवलेलं नाही. ऐकताना तिने मनगटावरचा पट्टा सोडला, त्याची गुंडाळी केली आणि टेबलावर ठेवली.

"याच्यावर सही तुझी ना?"

"माझी."

"मग इथे काय उभी आहेस? दुसऱ्यांच्या मावश्या नाहीत का?"

पुरावासाहेबांनी मीटरचा आकडा वाचला, उघडलेल्या नमुन्यात डोकावून बघितलं आणि चष्मा काढला.

"अपघात झालाय का कुठे?"

"नाही."

"मग नेहमीच्या वाटेने जावं लागेल. बाजारातून नवा नमुना, डावीकडे तपासणी, नोटीस, सुनावणी. एकवीस दिवस."

"साहेब, एकवीस दिवस बायका त्याला हात लावणार."

"मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "दुसरी एक वाट आहे. आपलं प्रमाणपत्रच चुकीने दिलं गेलं, असं खात्याने मान्य केलं तर ते आजच्या आज रद्द होतं आणि मशीनं घरांतून परत मागवता येतात. पण त्यात लिहावं लागतं, चूक काय आणि कुणाची. तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत. हात दाखवून अवलक्षण होईल."

"आणखी एक गोष्ट आहे," मी म्हणाले आणि आकृतीचं सांगितलं.

त्यांनी "पुरावा?" विचारलं नाही. त्यांनी मशीनवाल्याला फोन केला. तो तासाभरात आला, घामेजलेला, आणि खिशातून घडी पडलेला तो कागद काढून टेबलावर ठेवला. माझं अक्षर. 'दोन'खालची रेघ.

"मॅडमनी दोन सांगितले होते, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण एक लावून बघितला तर खरखर गेली. मग दुसरा कशाला लावायचा?"

"आणि प्रकार? मी प्रकार लिहिला होता."

"तो मिळाला नाही. दुकानदार म्हणाला हा पण तसलाच. दिसायला सारखाच आहे की हो." मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून त्याचा आवाज खाली गेला. "तुम्ही पास केलं. मला वाटलं, पास झालं म्हणजे बरोबरच असणार."

मलाही तेच वाटलं होतं.

"किती विकली?" साहेबांनी विचारलं.

"सहाशे चाळीस बनवली. एक माझ्या बहिणीकडे आहे." एवढं बोलून तो एकदम उठला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

मी लिहायला बसले. आकृती दिली, ती देणं नियमात नव्हतं. बदललेल्या वस्तूची सुरक्षा पुन्हा तपासली नाही. झाकण उघडलं नाही. तीन वाक्यांना पाऊण तास लागला. साहेबांनी वाचून एक शब्द दुरुस्त केला, आणि चार वाजता प्रमाणपत्र रद्द झालं.

दुकानांतून दोनशे पंधरा मशीनं दोन दिवसांत परत आली. उरली चारशे पंचवीस, घरांत. कुठल्या घरांत, ते कुणालाच माहीत नव्हतं. शिलाई मशीन घेताना कोण पत्ता लिहून देतं? रेडिओवर सूचना दिली, वर्तमानपत्रात दिली, दुकानांच्या दारांवर चिकटवली. फोन येऊ लागले. "मुंग्या येतात", "हो, आमच्याकडे पण", "मला वाटलं थंडीने होतंय". मी पत्ते लिहून घ्यायचे, गाडी जाऊन मशीन आणायची. आठवडाभरात दोनशे साठ आली. मग फोन विरळ झाले.

चहाच्या मशीनपाशी झटकेवाल्यांतला एक जण म्हणाला, "तुमची अँटेना घेऊन फिरा ना. पहिलं मशीन तसंच सापडलं होतं."

अँटेना घेऊन बाहेर पडायच्या आधीच त्याचं उत्तर मला माहीत होतं, तरी एक अख्खी दुपार फिरले. गल्ल्यांमागून गल्ल्या. हेडफोनमध्ये काहीही नाही. कुठेतरी भिंतींच्या आत ती चालू होती, पडदे शिवत होती, अभ्रे शिवत होती, आणि माझ्या यंत्राला त्यांचा मागमूस लागत नव्हता. खरखरत होती तोवर त्यातलं प्रत्येक मशीन मी रस्त्यावर उभी राहून शोधू शकले असते. त्यांची तोंडं मीच बंद केली होती, आणि ती जादा प्रत अजून माझ्या खणात होती.

यापेक्षा वाईट गोष्ट मला रात्री नाही, भर दुपारी, यादी चाळताना सुचली. फोन करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना मुंग्या येत होत्या. ज्यांचा प्लग योगायोगाने दुसऱ्या बाजूने बसला होता त्यांना काहीच जाणवत नव्हतं. ते सूचना वाचत असतील, मशीनवर हात ठेवून बघत असतील आणि म्हणत असतील, आपलं चांगलं आहे. उरलेली एकशे पासष्ट घरं बहुतेक तशीच होती.

दहाव्या दिवशी एका माणसाचा फोन आला. आवाज समाधानी होता.

"ते तुमचं हिरवं मशीन आमच्याकडे आहे. पण परत नको द्यायला ना? आमचं सुधारलं."

"सुधारलं म्हणजे?"

"आधी बायकोला मुंग्या यायच्या. मागच्या आठवड्यात तर चांगलाच फटका बसला, हात झटकून मागे पडली. मग मी प्लग फिरवून लावला. तेव्हापासून काही म्हणजे काही नाही. मुंगीसुद्धा नाही."

मी उभी राहिले. मुंग्यांनंतर फटका, म्हणजे कपॅसिटर आतून चिकटला होता. आता त्या मशीनच्या अंगात आणि भिंतीतल्या विजेत अंतर उरलं होतं ते फक्त प्लग कुठल्या बाजूने बसतो एवढं.

"आत्ता मशीन चालू आहे का?"

"नाही, ती खोली झाडतेय. टेबल हलवलंय तिने. आता लावेल परत."

"प्लग काढलाय?"

"काढला असेलच ना, टेबल हलवलं म्हणजे."

"तिला थांबवा. लावू देऊ नका. आत्ता जा, फोन ठेवू नका, जा!"

फोन कशावर तरी आपटला. चपलांचा आवाज लांब गेला. तो काहीतरी म्हणाला, ते कळलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. साहेब त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. मी टेबलाची कड धरून ऐकत होते, आणि इतकी शांतता मी त्या तांब्याच्या खोलीतही कधी ऐकली नव्हती.

मग फोन कुणीतरी उचलला.

"कोण बोलतंय?" बाईचा आवाज, वैतागलेला. "हा प्लग हातात धरून उभी आहे मी. काय करू याचं?"

"तो भिंतीत नाही ना? नक्की?"

"हातात आहे म्हटलं ना."

"कात्री आहे जवळ?"

"शिवणाची आहे."

"वायर कापा. प्लगपाशीच, आत्ता."

"शिवणाच्या कात्रीने वायर? अहो, धार जाईल तिची."

"जाऊ दे धार," मी म्हणाले. "कापा. मी ऐकतेय."